पाठ करून विचारलेला प्रश्न

अक्का, तुमचा फोटो आम्ही संस्थेच्या ऑफिसात लावला आहे. चोपड्याच्या फोटोवाल्याने तो इतका साफसूफ केला की तुमच्या कपाळावरची आठी पार गेली, आणि आठीशिवाय तुम्ही भलत्याच कोणा बाईसारख्या दिसता. नव्या मुली फोटोकडे बघून म्हणतात, किती शांत होत्या ना अक्का.  खाली शेठजींचं किराणा दुकान अजून आहे, आता गल्ल्यावर त्यांचा नातू बसतो, आणि दुपारी मिरच्यांची पोती उघडली की वर आपल्या खोलीत सगळ्यांना ठसका लागतो, तेही तसंच आहे. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही असं नाही, पण सांगण्यासारखं जे होतं ते अहवालात जात होतं, आणि अहवाल तर तुम्ही जिवंत असतानाही वाचत नव्हता. गेल्या महिन्यात मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या त्या गावात एक गोष्ट घडली. ती अहवालात बसत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

ते गाव म्हणजे जिथे मी तुमच्याबरोबर पहिल्यांदा गेले ते. मी धुळ्याहून समाजकार्याचं शिक्षण घेऊन नुकतीच आले होते आणि मला वाटत होतं की बायकांचं भलं कसं करायचं हे मला ठाऊक आहे. तुम्ही माझं सर्टिफिकेट बघितलंसुद्धा नाही. एक निळ्या पट्ट्यांची सतरंजी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही तुझी. गावात कोणी खुर्ची आणली तर आधी ही अंथरायची आणि खाली बसायचं. एकदा खुर्चीत बसलीस की बायका तुला पाणी आणून देतील, मनातलं देणार नाहीत." मला ती भेट वाटावी की हुकूम, हे तेव्हा कळलं नाही. पण सतरंजी चांगली होती, अजून आहे. मधोमध विरली आहे, कडा शाबूत आहेत.

त्या दिवशी ग्रामसभा होती. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलेलं, टेबलामागे सरपंच, ग्रामसेवक, गावातली चार वजनदार माणसं, आणि समोर पुरुष. बायकांना तुम्ही महिनाभर घरोघर जाऊन तयार केलं होतं. गावाला पाण्याची टाकी होती, टाकी भरत होती, आणि खालच्या आळीच्या नळाला थेंब येत नव्हता. एवढाच प्रश्न विचारायचा होता. बायका आल्या, पण पटांगणाच्या तोंडाशीच थबकल्या. टेबलापाशी कोणाचा सासरा, कोणाचा जेठ. एक बाई कुजबुजली, "अक्का, सासराना म्होरे कसं बोलानं?" माझ्या डोक्यात लगेच भाषण तयार झालं, समानता, घटना, सगळं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "म्होरे नका बोलू. पाठ करीसन बठा. पन बोला." आणि तुम्ही स्वतःच सतरंजी अंथरून टेबलाकडे पाठ करून बसलात. मग एकेक करत सगळ्या बसल्या. सगळ्यांची तोंडं शाळेच्या भिंतीकडे, पाठी सरपंचाकडे. पुरुषांत हसू पिकलं. मला तर जमीन दुभंगून आत जावं असं झालं होतं.

सभा चालू झाली, विषय वाचले गेले, 'मंजूर, मंजूर' झालं. आणि मग त्या पाठींमधून एक आवाज आला, कोवळा, पण खणखणीत. "टाकी भरस ना? मंग आमना नळले पानी कसाले येत नही?" ग्रामसेवकाने मान वर केली. "कोण बोललं?" तो म्हणाला. समोर नुसते पदर. परत विचारलं, जरा चढ्या आवाजात, "कोण बोललं?" तेव्हा मधल्या वयाची एक बाई भिंतीकडे बघतच म्हणाली, "आम्ही बठ्ठ्या बोलनूत." आता सगळ्याच बोलल्या म्हटल्यावर कोणाच्या सासऱ्याने कोणाला घरी जाऊन दटावायचं? ग्रामसेवकाला उत्तर द्यावं लागलं. उत्तर काही धड नव्हतं, वाल्व, दुरुस्ती, पुढचं बिल असलं काहीतरी. पण ते कागदावर आलं आणि उन्हाळ्याच्या आत खालच्या आळीला पाणी आलं. बोलली ती कोण, हे आपल्याला परतीच्या जीपमध्ये कळलं. दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली वहू होती ती, पोरगीच. आणि "बठ्ठ्या" म्हणणारी तिची शेजारीण, दोघींच्या घरांची भिंत एकच.

संध्याकाळी ऑफिसच्या मागच्या स्वयंपाकघरात तुम्ही कळण्याच्या भाकऱ्या थापत होता आणि मी शेंगदाण्याच्या चटणीला लसूण सोलत होते. मी म्हटलं, अक्का, आज आपण त्यांना खाली मान घालायला शिकवलं. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, पाणी फिरवलंत, आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात, "त्यांची तोंडं दिसली पाहिजेत हा हट्ट तुझा आहे. त्यांना पाणी पाहिजे होतं." इतकंच. आवाज चढवला नाहीत, आठी मात्र होती. मला फार लागलं ते. मी त्या रात्री जेवले, कारण तुमच्या हातची भाकरी टाकणं शक्यच नसे, पण तुमच्याशी बोलले नाही. आज मी नव्या मुलींना तेच वाक्य ऐकवते आणि त्यांनाही लागतं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. त्या गावात गट उभा राहिला, कच्च्या केळीचे वेफर्स तळू लागला, माल सावद्याच्या व्यापाऱ्याकडे जाऊ लागला. पाठ करून बसणं कधी थांबलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी कोणी बाजूला वळून बसली, मग कोणी तिरपी, आणि एका वर्षी बघते तर सगळ्या समोर तोंड करून, मांडी घालून. तुम्ही गेल्यानंतर गटाने ग्रामसभेत मागून मागून पत्र्याची शेड मिळवली, भिंतींची, थ्री-फेजची लाईन असलेली. सळई उतरली त्या दिवशी बायकांनी मला फोनवर नुसता ट्रकचा आवाज ऐकवला. आणि अक्का, यंदाच्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा कोण निवडून आलं असेल? तीच. तेव्हाची ती पोरगी. आता तिच्याही केसांत पांढरं आहे, मुलगी पुण्याला नोकरी करते. आम्ही किती मिरवलं म्हणता! संस्थेच्या पुस्तिकेवर तिचा फोटो, कोणी पाहुणे आले की गाडी तिच्या दारात. ती नव्या खुर्चीत बसली त्या दिवशी मी घरी येऊन चक्क रडले, आनंदाने.

आणि केळीच्या हंगामाच्या तोंडाशी शेडला कुलूप लागलं. आधी बायकांना वाटलं लाईनचं काही काम असेल. मग खिडकीतून पाहिलं तर आत ठिबकच्या नळ्यांची बंडलं छतापर्यंत रचलेली. सरपंचबाईच्या जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, ठिबकची एजन्सी घेतली होती आणि माल ठेवायला जागा नव्हती. बायका उघड्यावर, अंगणात कढया मांडून तळू लागल्या. तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडे त्या दिवसांत वारा कसा सुटतो. वेफर्समध्ये कचकच यायला लागली. सावद्याच्या व्यापाऱ्याने माल परत पाठवला आणि निरोप दिला की बंद जागा असेल तर बोला, नाहीतर मी दुसरीकडून घेतो. म्हणजे शेड गेली तर गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं तर इतक्या वर्षांनी त्या बायका पुन्हा दुसऱ्याच्या बागेत घड वाहायला. साधी गोष्ट होती, कोणालाही दिसत होती.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, घरना मामला शे. थोडा दम धरा." तिचा आवाज ऐकला आणि मला तिची अडचण समजली. जेठासमोर कालपर्यंत ती उभीही राहत नव्हती. मी गावात जाऊन बायकांना सांगितलं, चारचौघांत नको, ती आपली आहे, आपण तिला एकटीला गाठून समजावू. तुम्ही हे ऐकलं असतंत तर काय म्हणाला असता ते मला बोलता बोलताच ऐकू आलं: भीड ही भिकेची बहीण. धुळ्याच्या तुमच्या आईची ती म्हण, तुम्ही तिखटमिठासारखी वापरायचात. पण भीड मला बायकांची नव्हती पडली, तिची पडली होती, आणि खरं सांगायचं तर पुस्तिकेवरच्या फोटोचीही.

"बठ्ठ्या" म्हणणारी ती शेजारीण आता म्हातारी झाली आहे. गटाची अध्यक्ष तीच, हात अजून किसणीवर झरझर चालतो. माझं सगळं म्हणणं तिने केळी सोलता सोलता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकलीले इचारं ते ती एकलीच ऱ्हाई." ते मला तेव्हा अर्धवटच कळलं, पुरतं नंतर उमगलं. एकटीला विचारलं तर ती एकटीच पडेल, जेठापुढे एकटी. चारचौघांत विचारलं तर तिच्यापाशीही जेठाला सांगायला कारण राहील. मी म्हटलं, मग तुम्ही विचाराल? तर तिने चीक लागलेले हात पदराला पुसले आणि तिचे डोळे भरले. "तिनं बाळंतपण मी करेल शे, ताई. तोंड देखीसन माले इचारता येत नही." सरपंचबाईचं बाळंतपण हिनेच केलेलं, तिच्या तोंडाकडे बघून हिला विचारवेना. कढईतलं तेल तापत होतं, वारा होताच. मग तीच काहीतरी आठवल्यासारखी हसली, पण काय आठवलं ते मला सांगितलं नाही.

ग्रामसभेच्या आधी आता महिला सभा घ्यावी लागते, तुमच्या वेळी त्यासाठी आपण किती भांडलो. ती पंचायतीच्या नव्या खोलीत भरली. पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर कापड. टेबलामागे सरपंचबाई, शेजारी ग्रामसेविका, हीदेखील बाई, तरुण. दाराबाहेर मोटारसायकलवर सरपंचबाईचा नवरा टेकून उभा, उगाच, वाऱ्याला. बायका आल्या. म्हातारीने खुर्च्यांकडे पाहिलं, त्या भिंतीला सरकवल्या, आणि माझ्याकडे हात पुढे केला. मला आधी कळेचना. मग मी काखेतली सतरंजी दिली. ती तिने अंथरली आणि टेबलाकडे पाठ करून बसली. तिच्यामागून बाकीच्या. तरण्या सुनांनी हे कधी पाहिलेलं नाही, त्या एकमेकींकडे बघत होत्या, पण बसल्या. ड्रेस घालणाऱ्या, स्मार्टफोनवाल्या पोरीसुद्धा. ग्रामसेविका म्हणाली, "अहो, अशा काय बसलात? इकडे तोंड करा ना." कोणी हललं नाही. मीही त्यांच्यातच बसले होते, म्हणून सरपंचबाईचं तोंड मला दिसलं नाही. नंतर ग्रामसेविकेने सांगितलं की ती पांढरी पडली होती.

विषय वाचले. मग पाठींमधून आवाज आला, म्हातारा, जरा कापरा. "शेड बायास्नी शे ना? मंग कुलूप कोनं शे?"

 आणि मागून सरपंचबाई म्हणाली, "कोन बोलनं?"

अक्का, ते तिने मुद्दाम विचारलं नसणार. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडून ते आपोआप येत असावं. पण शब्द बाहेर पडल्यावर ते तिचे तिलाच ऐकू गेले असणार, आणि खोलीत ज्या ज्या बायका तेव्हा शाळेच्या पटांगणात होत्या त्यांना ग्रामसेवकाचा तो जुना प्रश्न आठवला. म्हातारीने भिंतीकडे बघत, सावकाश, उत्तर दिलं. "आम्ही बठ्ठ्या बोलनूत."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. आमच्या कडेने सरपंचबाई दाराकडे गेली, जाताना म्हणाली, "चावी घर शे. लई येस." बाहेर नवऱ्याने काही विचारलं, तिच्या चपलांचा आवाज तसाच पुढे गेला. ती चावी घेऊन येईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो. एकीचं बाळ आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे बघून खिदळत होतं. ती परत आली तेव्हा रिकाम्या हाताने आली. टेबलामागे गेली नाही. आमच्यासमोर, भिंतीपाशी येऊन उभी राहिली, म्हणजे आता आमचं तोंड तिच्याकडे आणि तिचं आमच्याकडे. डोळे लाल होते. ती म्हणाली, "जेठजीस्नी चावी दिनी नही. शेड मीच दिनी व्हती, कोनाले इचारं नही. मनं चुकनं." मग पंचायतीच्या शिपायाला म्हणाली, "कुलूप तोडा." आणि ग्रामसेविकेला, अगदी शुद्ध मराठीत, "ठरावात लिहा. माझं नाव घालून लिहा."

कुलूप तोडायला वेळ लागला, चांगलं कुलूप होतं. बंडलं बायकांनीच बाहेर काढली आणि जेठाच्या अंगणात नीट रचून ठेवली, वर ताडपत्री घातली. त्या घरात मग बरेच दिवस तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. जेवण ती म्हातारीकडे करत होती, भिंतीपलीकडे. आता नवरा बोलतो, जेठ नाही. सावद्याचा माल पुन्हा सुरू झाला आहे. पुस्तिकेवरचा फोटो मी काढणार होते, तर मुली म्हणाल्या, आता तर ठेवायलाच पाहिजे. ठेवला.

हे सगळं तुम्हाला आवडलं असतं. तुम्ही हसला नसतात, पण भाकरी एक जास्त वाढली असतीत. आणि इथे पत्र संपवायला हवं होतं. पण गावाहून परत आल्यापासून मला दुसरंच एक आठवतंय. गावात खुर्चीला हात न लावणाऱ्या तुम्ही, आपल्या ऑफिसात हातांची खुर्ची एकच होती आणि ती तुमची होती. सोमवारच्या बैठकीत आम्ही सगळ्या खाली, तुम्ही वर. गावोगाव आम्ही शिकवत होतो, विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ऑफिसात तुम्हाला कोणी काही विचारत नसे. भीती नव्हती हो, प्रेमच होतं. तुम्ही आमच्या तापात उशाशी बसला होता, माझ्या लग्नाला तुम्ही उभ्या राहिलात म्हणून ते झालं. अशा माणसाला काय विचारायचं? विचारलं ते फक्त एकीने, माझ्याबरोबर लागलेल्या त्या यावलकडच्या मुलीने. "अक्का, कुठल्या गावात काम करायचं आणि कुठलं सोडायचं हे तुम्ही एकट्याच का ठरवता?" तिने तुमच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "चहा निवतोय." महिना संपला आणि ती नव्हती. तिची सतरंजी खुंटीवर राहिली, ती पुढे दुसऱ्या मुलीला दिली. तुम्ही काही सांगितलं नाहीत आणि आमच्यात विचारायची रीत नव्हती.

तुमची खुर्ची आता माझ्याकडे आहे. तिच्यात बसून परवा मी एका मुलीला म्हटलं, चहा निवतोय. तिने काहीतरी सरळ, साधं विचारलं होतं. म्हणून आज सगळ्या गेल्यावर हे लिहायला बसले.

तर अक्का, त्या यावलकडच्या मुलीला का काढलंत? बरोबर विचारलं होतं ना तिने?

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. अर्ध्याहून जास्त पत्र मी तुमच्या फोटोकडे तोंड करूनच लिहिलं. बैठकीतल्या खुर्चीच्या गोष्टीपाशी आले आणि पुढे हात चालेना. मग उठले, खुर्ची फिरवली, आणि उरलेलं तुमच्याकडे पाठ करून लिहिलं.